नवशिक्याचा हक्क : संगणकाच्या आज्ञावलीचा एक सामाजिक इतिहास

१

एखाद्या ज्ञानशाखेचा इतिहास सांगताना दोन प्रश्न नेहमी विचारले जातात. शोध कोणी लावला? आणि तो केव्हा लागला? तिसरा प्रश्न मात्र बहुधा विचारलाच जात नाही. त्या ज्ञानाचा अगदी पहिला धडा गिरवायला कोणाला बसू दिले आणि कोणाला दाराबाहेर उभे केले? ज्यांच्या कित्येक पिढ्या पाटीला हात न लावता गेल्या, त्यांच्या दृष्टीने हा तिसरा प्रश्नच पहिला आहे.

'नवशिका' हा शब्द आपण सहज वापरतो. पण नवशिका असणे ही साधी गोष्ट नाही. नवशिक्याला चुकण्यासाठी वेळ लागतो, ज्यावर चुकावे असे साधन लागते, आणि चुकल्यावर आपली जात काढली जाणार नाही असा भरवसा लागतो. या तीन गोष्टी ज्याच्यापाशी आहेत त्यालाच समाज नवशिका म्हणतो. ज्याच्यापाशी नाहीत त्याला अडाणी म्हणून मोकळा होतो.

संगणकाने काय करावे हे त्याला क्रमवार लिहून देणे, म्हणजे आज्ञावली रचणे किंवा प्रोग्रामिंग, ही विद्या जेमतेम ऐंशी वर्षांची आहे. तिला श्रुतिस्मृतींचा आधार नाही, तिच्यावर कोणा वर्णाने वंशपरंपरेने हक्क सांगितलेला नाही. त्यामुळेच एखाद्या विद्येभोवती कुंपण कसे पडते, ते कोण घालतो आणि कोण मोडतो, हे तिच्या बाबतीत जवळजवळ डोळ्यांदेखत पाहता येते. प्रस्तुत लेखक इतिहासाचा अध्यापक आहे, संगणकशास्त्राचा नव्हे. म्हणून येथे यंत्राची थोरवी गावयाची नसून यंत्राच्या दारातील गर्दीचा हिशेब मांडावयाचा आहे.

२

'कॉम्प्युटर' हे मुळात यंत्राचे नाव नव्हते, ते माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. आकडेमोड करणाऱ्या माणसाला कॉम्प्युटर म्हणत. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तोफगोळ्यांच्या मार्गाची कोष्टके तयार करण्यासाठी अशा शेकडो कॉम्प्युटरांची गरज पडली आणि ही कंटाळवाणी, हलक्या पगाराची आकडेमोड प्रामुख्याने स्त्रियांकडे सोपवण्यात आली.

फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात एनिॲक नावाचे सुमारे १८,००० निर्वात नळ्यांचे प्रचंड यंत्र उभे राहिले, तेव्हा त्याला गणित 'सांगण्याचे' काम या आकडेमोड करणाऱ्यांतीलच सहा स्त्रियांना देण्यात आले. के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिक्टरमन ही त्यांची नावे. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक नव्हते, शिक्षक नव्हता. गुप्ततेच्या कारणाने आरंभी त्यांना यंत्राच्या खोलीत जाण्याचीही परवानगी नव्हती. यंत्राच्या जोडणीचे नकाशे पुढ्यात घेऊन, त्यांवरून हे यंत्र काय करू शकेल याचा तर्क करीत त्या शिकल्या. १९४६ च्या फेब्रुवारीत यंत्राचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. प्रात्यक्षिकाची आज्ञावली स्त्रियांनी बसवलेली होती, पण त्या रात्रीच्या मेजवानीचे निमंत्रण त्यांना नव्हते. यंत्र बांधणे हे पुरुषाचे, बुद्धीचे काम आणि त्याला आज्ञा लिहून देणे हे कारकुनी काम, अशी त्या वेळची समजूत होती. पुढे याच कामाला प्रतिष्ठा आणि पैसा आला तेव्हा तेच काम बुद्धीचे ठरले आणि स्त्रिया मागे सारल्या गेल्या. कामाची प्रत काम करणाऱ्यावरून ठरवण्याची ही रीत आपल्याला नवी नाही.

याच काळात व्हर्जिनिया राज्यातील हॅम्प्टन येथे लँगली ही विमानविद्येची सरकारी प्रयोगशाळा होती. युद्धसाहित्याच्या कारखान्यांत व सरकारी कामांत वर्णावरून भेदभाव होऊ नये असा आदेश राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी १९४१ साली काढला. तो आपखुशीने नव्हे, तर कृष्णवर्णीय कामगारांचे पुढारी ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर मोर्चा नेण्याचा इशारा दिल्यानंतर. त्या आदेशामुळे लँगलीचे दार कृष्णवर्णीय गणितज्ञ स्त्रियांना उघडले. दार उघडले, पण आत गेल्यावर खोली वेगळी, स्वच्छतागृह वेगळे आणि जेवणघरातील टेबलही वेगळे. त्या टेबलावर 'रंगीत कॉम्प्युटर' अशी पाटी ठेवलेली असे. मिरियम मॅन नावाच्या एका बाईंनी ती पाटी उचलून आपल्या पिशवीत टाकली. नवी पाटी आली, त्यांनी तीही उचलली. अखेर पाट्या येणे थांबले. पाणवठ्याचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना या प्रसंगाचा अर्थ उलगडून सांगण्याची गरज नाही.

याच वेगळ्या खोलीत १९४३ साली डोरोथी व्हॉन दाखल झाल्या. त्यापूर्वी त्या फार्मव्हिल या गावी कृष्णवर्णीयांच्या शाळेत गणित शिकवीत. १९४९ साली त्यांच्याकडे या विभागाचे प्रमुखपद आले. आकडेमोडीची यंत्रे प्रयोगशाळेत येऊ लागली, तेव्हा हाताने आकडेमोड करणाऱ्यांची गरज संपणार हे त्यांनी ओळखले. यंत्राला शिव्या देत बसणे हा एक मार्ग होता, दुसऱ्याने आपल्याला शिकवावे म्हणून वाट पाहणे हा दुसरा. व्हॉनबाईंनी तिसरा निवडला. त्या स्वतः यंत्राची फोरट्रान ही भाषा शिकल्या आणि आपल्याबरोबरच्या स्त्रियांनाही त्यांनी ती शिकवली. १९५८ साली प्रयोगशाळा नासाकडे गेली, वेगळी खोली मोडली आणि व्हॉनबाई नव्या संगणक विभागात काम करू लागल्या. पन्नाशीच्या आसपास त्यांनी या विद्येचा श्रीगणेशा केला. १९७१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांना पुन्हा प्रमुखपद मिळाले नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्यांची कहाणी जगाला नीट कळली ती २०१६ साली मार्गो ली शेटर्ली यांचे पुस्तक आल्यावर.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांच्या लढ्याविषयी आस्था कळवली होती आणि संयुक्त राष्ट्रसंघापुढे जाणाऱ्या त्यांच्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली मुंबईत दलित पँथरने आपले नाव तिकडच्याच चळवळीवरून घेतले. हे नाते जर खरे असेल, तर त्यांच्या मोर्चांबरोबर त्यांच्या या मूक अभ्यासाकडेही आपले लक्ष गेले पाहिजे. व्हॉनबाई एकट्या शिकून वर गेल्या नाहीत. त्यांनी बरोबरच्यांना शिकवले. या घटनेतील सामाजिक आशय नेमका तेथे आहे.

३

१९५० च्या दशकात यंत्राला आज्ञा द्यायची तर ती यंत्राच्या सांकेतिक आकड्यांत द्यावी लागे. हे आकडे ज्यांना येत त्यांचा एक छोटा वर्ग निर्माण झाला. फोरट्रान भाषेचा जनक जॉन बॅकस याने पुढे त्या काळाच्या आठवणी लिहिल्या. त्यात त्याने या वर्गाला चक्क पुरोहितांची उपमा दिली आहे. सामान्य माणसाला कळणार नाहीत अशी रहस्ये आपणच सांभाळतो असे या मंडळींना वाटे आणि काम सोपे करू पाहणाऱ्यांकडे ते तुच्छतेने पाहत. येथे कोणी ब्राह्मण नव्हता, कोणती पोथी नव्हती. तरीही दहा वर्षांच्या आत पौरोहित्य तयार झाले! ज्ञान दुर्मिळ ठेवण्यात ज्याचा लाभ आहे तो कोणत्याही देशात भट होतो, एवढाच याचा अर्थ.

हे पौरोहित्य मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ग्रेस हॉपर या गणितज्ञ स्त्रीने केला. माणसाने माणसाला कळेल अशा भाषेत लिहावे आणि त्याचे यंत्राच्या आकड्यांत भाषांतर यंत्रानेच करावे, ही तिची कल्पना. १९५२ साली तिने अशा भाषांतरकाराचा पहिला नमुना तयार केला, तेव्हा यंत्राला असले काही जमणारच नाही असे तिला सांगण्यात आले. पुढे तिने व तिच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी शब्दांत आज्ञा घेणारी भाषा बनवली. ते शब्द बदलून फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही तीच आज्ञावली चालते, हे त्यांनी वरिष्ठांना दाखवले. वरिष्ठ हादरलेच. अमेरिकेत बनलेल्या यंत्राला फ्रेंच आणि जर्मन कसे कळेल, असा त्यांचा प्रश्न होता. यंत्राला इंग्रजीही कळत नाही, त्याच्या लेखी शब्द म्हणजे केवळ खुणा आहेत आणि कोणत्याही भाषेच्या खुणा त्याला सारख्याच, ही साधी गोष्ट त्या सुशिक्षितांच्या ध्यानी आली नाही.

ज्यांचे शिक्षण मराठी शाळेत झाले त्यांनी हा प्रसंग लक्षात ठेवावा. इंग्रजी येत नाही म्हणून संगणक येणार नाही, हे वाक्य आपल्या मुलांना हजार वेळा ऐकवले जाते. ही अट यंत्राने घातलेली नाही, ती माणसांनी घातलेली आहे.

१९५७ साली फोरट्रान आली. पूर्वीपेक्षा काम पुष्कळ सोपे झाले. तरीही दार पुरते उघडले नाही. आज्ञावली पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोके पाडून लिहावी लागे, पत्त्यांचा गठ्ठा खिडकीतून आत द्यावा लागे आणि उत्तर यायला तास, कधी दिवस लागे. एक स्वल्पविराम चुकला तर दुसऱ्या दिवशी हाती काय येणार? फक्त चूक झाल्याची चिठ्ठी. यंत्राला हात लावण्याचा अधिकार खिडकीच्या आतल्यांना होता. खिडकीबाहेरच्याने वरून घातलेले पाणी ओंजळीत घ्यावे, तसा हा प्रकार होता.

४

ही खिडकी काढून टाकली ती न्यू हॅम्पशायर राज्यातील हॅनोव्हर या लहान गावच्या डार्टमथ कॉलेजातील दोन गणिताच्या प्राध्यापकांनी. एक जॉन केमेनी आणि दुसरे टॉमस कर्ट्झ. केमेनी हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला ज्यू. हिटलरच्या धास्तीने त्याचे कुटुंब १९४० साली अमेरिकेत आले, देश सोडण्यास नकार देणारे आजोबा वंशसंहारात बळी पडले. कर्ट्झ यांचे निधन अगदी अलीकडे, २०२४ साली झाले.

त्यांचा विचार असा होता. कॉलेजातील सुमारे तीनचतुर्थांश विद्यार्थी विज्ञानाचे नाहीत. ते इतिहास, साहित्य, अर्थशास्त्र शिकतात. पण उद्या कारखान्यात आणि सरकारात निर्णय घेणारे याच विद्यार्थ्यांतून येतील. त्यांना संगणक म्हणजे काय हेच कळले नाही तर ते निर्णय कसले घेणार? म्हणून संगणक सर्वांना शिकवला पाहिजे. आणि संगणकावर भाषण देऊन संगणक शिकवता येत नाही, प्रत्येकाने स्वतः आज्ञावली लिहिली पाहिजे. ग्रंथालयाची कपाटे जशी विद्यार्थ्यांना उघडी असतात, कारण न विचारता कोणीही जाऊन पुस्तक काढू शकतो, तसाच संगणक उघडा असावा.

हा आदर्श झाला. तो अमलात आणण्यासाठी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली, वेळेची वाटणी. यंत्र इतके वेगवान की एका माणसाच्या दोन बटनांमधल्या वेळात ते दहा जणांचे काम करू शकते. तेव्हा यंत्राने प्रत्येकाला क्षणाचा एक तुकडा द्यावा आणि पाळीपाळीने सर्वांकडे जावे. दुसरी गोष्ट म्हणजे नवी भाषा. तिचे नाव बेसिक. हे आद्याक्षरांचे नाव आहे आणि त्यातील पहिले अक्षर 'बिगिनर' म्हणजे नवशिक्या या शब्दाचे आहे. एखाद्या विद्येच्या साधनाच्या नावातच नवशिक्याला अग्रस्थान मिळाल्याची उदाहरणे थोडी आहेत.

१ मे १९६४ रोजी पहाटे चारच्या सुमारास या भाषेतील पहिल्या आज्ञावल्या चालल्या. यंत्रणा लिहिण्याचे बरेचसे काम पदवीपूर्व विद्यार्थ्यांनीच केले होते. फोरट्रानमध्ये एखादे काम ठरावीक वेळा पुन्हा करावयाचे तर त्या ओळीत स्वल्पविराम कोठे येतो आणि कोठे येत नाही हे जाणत्यांनाही आठवत नसे. बेसिकमध्ये नुसते 'फॉर आय = १ टू १० स्टेप २' असे लिहावयाचे. एक ते दहा, दोनदोनच्या पावलांनी. वाचले की कळले पाहिजे, हा नियम. चूक झाली तर यंत्र काही क्षणांतच सांगे. दुसऱ्या दिवसाची वाट पाहणे संपले. चुकण्याची किंमत कमी झाली आणि म्हणून शिकणाऱ्यांची संख्या वाढली. हा या प्रयोगाचा खरा शोध होय.

मात्र केवळ कौतुक करून थांबणे इतिहासाला शोभत नाही. 'सर्वांना संगणक' यातील 'सर्व' कोण होते? डार्टमथमध्ये १९७२ पर्यंत मुलींना पदवीसाठी प्रवेशच नव्हता. शिवाय हे कॉलेज १७६९ साली मूळ अमेरिकी आदिवासींच्या मुलांना शिक्षण देण्यासाठी म्हणून सनद घेऊन स्थापन झाले होते आणि दोनशे वर्षे तेथे त्या मुलांची संख्या नगण्य राहिली. १९७० साली केमेनी कॉलेजचा अध्यक्ष झाला. त्याच्या कारकिर्दीत मुलींना प्रवेश मिळाला आणि आदिवासींना दिलेला शब्द पाळण्याचे नव्याने ठरले. ज्याने यंत्राचे दार उघडले त्यालाच पुढे कॉलेजचेही दार उघडावे लागले. एक दार उघडून भागत नाही. यंत्राचे दार उघडे आणि इमारतीचे बंद, असे असेल तर उघडे दार आतल्यांसाठीच असते.

५

आता हा पहिला धडा असतो तरी काय, हे पाहू. ज्यांनी कधी संगणकाला आज्ञा लिहिली नाही अशा वाचकांनी पुढील मजकूर सावकाश वाचावा. त्यात अवघड काही नाही.

रोजगार हमीच्या कामावर आईबाप गेलेल्या मुलांना मस्टर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. समजा तीन मजूर आहेत. पहिल्याचे काम ६ दिवस, दुसरीचे ४ दिवस, तिसऱ्याचे ६ दिवस. मजुरी रोज २०० रुपये धरू. मूळ बेसिकच्या रीतीने, फक्त अक्षरे देवनागरी करून, त्यांच्या मजुरीची आज्ञावली अशी होईल:

१० रीड द
२० लेट म = द × २००
३० प्रिंट म
४० गोटू १०
५० डाटा ६, ४, ६
६० एंड

'द' आणि 'म' ही दोन रिकामी मडकी समजा. यांना चल म्हणतात. ओळ १० सांगते, यादीतील पुढचा आकडा वाचून 'द' या मडक्यात टाक. ओळ २० त्याला २०० ने गुणते आणि उत्तर 'म' मध्ये ठेवते. येथे नवशिके हमखास अडखळतात. शाळेत बरोबरीची खूण म्हणजे दोन्ही बाजू सारख्या. येथे ती आज्ञा आहे, उजवीकडचे डावीकडच्या मडक्यात टाक. ओळ ३० मजुरी छापते. ओळ ४० सांगते, पुन्हा ओळ १० वर जा. याला फेरा म्हणतात. यादी संपली की यंत्र माहिती संपल्याचे कळवून थांबते. कागदावर तीन आकडे येतात: १२००, ८००, १२००.

ओळींना १०, २०, ३० असे क्रमांक का? मध्ये नवी ओळ घालावयाची झाली तर जागा असावी म्हणून. आता कोणी तरी मध्ये एकच ओळ घातली असे समजा:

१५ इफ द < ६ देन १०

म्हणजे, दिवस सहापेक्षा कमी असतील तर पुढे काही न करता परत ओळ १० वर जा. आता कागदावर दोनच आकडे येतात: १२००, १२००. दुसरी मजूर बाई कोठे गेली? तिचे चार दिवस यादीत आहेत. यंत्राने ते वाचलेही. पण तिची मजुरी छापली गेली नाही. यंत्राने तिची जात विचारली नाही, शिवी दिली नाही, हाकलले नाही. त्याने फक्त पंधरावी ओळ पाळली.

क्रम, चल, फेरा आणि अट या चार गोष्टींत प्रोग्रामिंगचा पाया आला. आणि या चारांपैकी अट ही सामाजिक गोष्ट आहे. अट कोणी तरी माणूस लिहितो. कोणाला वगळावे हे तो ठरवतो आणि मग 'सिस्टीम घेत नाही' असे खिडकीतून सांगितले जाते. धर्मशास्त्रात अट लिहिणारा देवाचे नाव पुढे करीत असे. आज यंत्राचे नाव पुढे केले जाते. दोन्ही ठिकाणी लिहिणारा हात झाकलेलाच राहतो.

राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरमध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे पहिली जनसुनावणी घेतली. अशा सुनावण्यांत सरकारी कामांची मस्टरे गावासमोर मोठ्याने वाचली जात आणि कामावर कधी न गेलेल्यांची, एवढेच नव्हे तर मृतांचीही नावे त्यात निघत. त्या लढ्यातूनच पुढे २००५ चा माहितीचा अधिकार आला. मस्टर वाचणे ही त्या वेळी राजकीय कृती होती. आता हजेरी, शिष्यवृत्ती, शिधापत्रिका हे सारे आज्ञावल्यांच्या हाती गेले आहे. मस्टर वाचता येणे पुरेसे नाही, मस्टरामागची पंधरावी ओळ वाचता आली पाहिजे.

६

आपल्या देशात ही विद्या कशी आली? मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक १९६० साली चालू झाला. प्रोग्रामिंग मोठ्या प्रमाणावर शिकवण्याचे काम मात्र कानपूरच्या आयआयटीत सुरू झाले. तेथे १९६३ साली आयबीएम १६२० हे यंत्र आले आणि देशभरातील शास्त्रज्ञ-अभियंत्यांसाठी फोरट्रानचे अल्पमुदतीचे वर्ग निघाले. १९६५ साली तेथे संगणकशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास सुरू झाला. प्रा. व्ही. राजारामन यांनी विद्यार्थ्यांना परवडतील अशी पाठ्यपुस्तके लिहिली, त्यांवर पिढ्या शिकल्या. त्यांचे हे काम मोलाचे आहे.

पण तारखा शेजारी शेजारी ठेवून पाहू. कानपूरला यंत्र आले १९६३ साली. अनुसूचित जाती-जमातींसाठी आयआयटीत राखीव जागा आल्या १९७३ साली. म्हणजे भारतात ही विद्या रुजली ते पहिले दशक राखीव जागांविना गेले. त्याच दशकात शिकलेल्यांतून पुढचे प्राध्यापक, पुढचे ग्रंथकार, पुढच्या कंपन्यांचे अधिकारी निर्माण झाले. आपला मुलगा पहिल्या बाकावर बसायला गेला तेव्हा वर्गाचे नियम लिहून झाले होते. त्यानंतर ज्यांना आत घेतले त्यांना 'गुणवत्ता नाही' असे म्हणण्यात आले. दहा वर्षे आधी दार उघडे मिळणे यालाच येथे गुणवत्ता म्हणतात काय?

१९८४ साली केंद्र सरकारने क्लास हा प्रकल्प काढून सुमारे अडीचशे शाळांतून बीबीसी मायक्रो हे छोटे संगणक दिले. त्यांवर बेसिक शिकता येई. पण प्रचंड देशात अडीचशे शाळा म्हणजे काय? त्याच दशकात खाजगी संस्था निघाल्या. एनआयआयटी १९८१ ची, ॲपटेक १९८६ ची. फी भरणाऱ्याला यंत्रावर बसण्याचे तास मिळत. शेतमजुराच्या मुलाला चुकण्याचे तास विकत घेणे शक्य नव्हते. १९९१ नंतर सॉफ्टवेअरचा बाजार फोफावला, तेव्हा ज्यांनी हे तास आधी घेतले होते ते विमानात बसले. परदेशी जाताना त्यांनी बरोबर काय नेले हेही पुढे दिसले. ज्या सिएटल नगरीत या व्यवसायातील बडी मंडळी राहतात, तेथील नगरपरिषदेला २०२३ च्या फेब्रुवारीत जातीवरून भेदभाव करण्यास कायद्याने बंदी घालावी लागली.

जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. वरच्या वर्गाला उच्च शिक्षण द्या, म्हणजे ते आपोआप खाली झिरपेल, या सरकारी समजुतीवर त्यांनी नेमके बोट ठेवले. पैसा रयतेच्या घामाचा आणि शिक्षण मात्र मूठभरांचे! ज्ञान झिरपत नाही, वरचे लोक ते अडवून धरतात. शंभर वर्षांनी संगणकाच्या बाबतीत तीच समजूत आणि तोच परिणाम पुन्हा दिसला.

महाराष्ट्रात २००१ साली महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले आणि एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम तालुक्यातालुक्यांत गेला. खेड्यातील लाखो मुलामुलींनी पहिल्यांदा संगणकाला हात लावला तो यामुळे, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्याचा भर वापरावर होता. पत्र कसे टंकावे, तक्ता कसा भरावा, यावर. दुसऱ्याने लिहिलेली आज्ञावली वापरणे वेगळे आणि आपण आज्ञा लिहिणे वेगळे. पहिल्याने कारकून तयार होतो. आमच्या वाट्याला वापर आणि त्यांच्या वाट्याला रचना, अशी वाटणी झाली. जात ही कामांची नुसती वाटणी नसून काम करणाऱ्यांचीच उतरंड आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच दाखवून दिले होते. ती उतरंड विजेवरही चालते.

७

मग करावयाचे काय? निराश होण्याचे कारण नाही. साधनांच्या बाबतीत आजचा काळ पूर्वीच्या कोणत्याही काळापेक्षा अनुकूल आहे. गुइडो व्हॅन रॉसम याने १९९१ साली प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा विनामूल्य आहे. ती ज्या जुन्या भाषेच्या अनुभवावर उभी राहिली ती नवशिक्यांसाठीच ॲमस्टरडॅमला बनवलेली होती. पायथनच्या २००८ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून चलांना देवनागरीत नावे देता येतात. 'म' या एकाक्षरी मडक्याऐवजी 'मजुरी' असे सरळ लिहिता येते आणि यंत्र ते निमूट घेते. हॉपरबाईंनी जे वरिष्ठांना पटवून देण्याचा प्रयत्न केला, ते आज आपल्या लिपीत आपल्या हाताशी आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे पाठ मराठीतूनही विनामूल्य मिळतात. साध्या जुन्या संगणकावर, प्रसंगी मोबाइलवरही, पहिले धडे गिरवता येतात.

तेव्हा साधन ही आता मुख्य अडचण उरलेली नाही. अडचण वेळेची आहे आणि भरवशाची आहे. दिवसभर कामाला जाणाऱ्या मुलीला चुकण्यासाठी रोजचा एक तास कोण देणार? पहिल्याच दिवशी यंत्राने लाल अक्षरांत चूक दाखवली की 'हे आपल्यासाठी नाही' असे तिला वाटू लागते. ती चूक सर्वांचीच होते, सवर्ण अभियंत्याच्या मुलाचीही रोज होते, हे तिच्या शेजारी बसून कोण सांगणार? डार्टमथचे दोन प्राध्यापक आपल्याला शिकवतात की नवशिक्याची सोय धोरण म्हणून करावी लागते, ती आपोआप होत नाही. डोरोथी व्हॉन शिकवतात की धोरणाची वाट पाहत बसू नये, शिकलेल्याने त्याच खोलीत बसून दुसऱ्याला शिकवावे. १८४८ साली पुण्यात सावित्रीबाई व जोतीराव यांनी या दोन्ही गोष्टी एकाच वेळी केल्या होत्या.

आपल्या वसतिगृहांत स्पर्धापरीक्षांच्या अभ्यासिका चालतात, समाजमंदिरांत व्याख्यानमाला होतात. तेथेच आठवड्यातून दोन संध्याकाळी आज्ञावलीचा वर्ग का चालू नये? त्यातून सर्वांना नोकऱ्या मिळतील असे आमिष येथे दाखवावयाचे नाही. या व्यवसायातील नोकऱ्याही येतात आणि जातात. हेतू निराळा आहे. ज्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती अडली आहे तिला खिडकीतला माणूस सांगेल की सिस्टीम घेत नाही. त्या वेळी सिस्टीम म्हणजे कोणी तरी लिहिलेल्या ओळी आहेत, त्यांत एक अट आहे, ती अट कोणत्या शासननिर्णयात आहे ते दाखवा, असे म्हणण्याचे बळ तिच्यात आले पाहिजे. हे बळ सगळी संगणकविद्या शिकून येत नाही. सहा ओळींची एक आज्ञावली स्वतः लिहून, चुकवून आणि दुरुस्त करूनही ते येऊ लागते.

पोथी वाचता येऊ लागली तेव्हा पोथीत आपल्याविषयी काय लिहिले आहे ते आपल्याला कळले, आणि ज्याला कळले त्याने १९२७ साली महाडला मनुस्मृती जाळली. आज्ञावली जाळता येत नाही, आणि जाळण्याची गरजही नाही. ती वाचावी लागते, पंधराव्या ओळीवर बोट ठेवावे लागते, आणि ती खोडून नवी ओळ लिहावी लागते. त्यासाठी आधी नवशिका व्हावे लागते. तो हक्क कोणाच्या उदारपणाने मिळणार नाही. आपणच एकमेकांना तो दिला पाहिजे.